अकरा खेपा

गेल्या रविवारी वास्कोला पुतण्याकडे गेलो होतो. माशांचं जेवण झालं, घरातले सगळे आडवे झाले, पण पुतण्याची सहा वर्षांची मुलगी काही आडवी होईना. शेवटी तिला घेऊन बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलो. तिथे आवारात जुनी विमानं उघड्यावर उभी आहेत. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि तीन शेपट्यांचं ते अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन. पोरगी हॅरियरच्या नाकाखाली जाऊन उभी राहिली.

"आजोबा, हे बिघडलंय का?"

"बिघडलं नाही गं. म्हातारं झालं."

"मग ह्याच्या जागी दुसरं आणलं?"

"आणलं की."

"कधी? हे गेल्यावर की आधी?"

हा प्रश्न मला २०१०च्या दिवाळीत, खनिज वाहायची नवी बार्ज घ्यायचं घाटत होतं तेव्हा, कुणीतरी विचारायला हवा होता. तेव्हा जो तो फक्त "किती टनांची?" एवढंच विचारत होता.

हॅरियरपुरतं उत्तर सोपं होतं. ते दाबोळीहून शेवटचं उडालं २०१६च्या मे महिन्यात आणि त्याच्या जागचं मिग-२९के २०१०मध्येच येऊन दाखल झालं होतं. म्हणजे आधी. पण पोरीने "आणि मिग म्हातारं झाल्यावर?" असं विचारलं असतं तर मला लांबण लावावं लागलं असतं. हंसा तळावर, म्हणजे संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर, जमिनीवरच विमानवाहू नौकेसारखी वर वळलेली धावपट्टी बांधून ठेवलेली आहे. तिच्यावरून जानेवारी २०२२मध्ये फ्रान्सच्या राफेल-एमने उड्या मारून दाखवल्या. २६ विमानांचा करार झाला एप्रिल २०२५मध्ये. सगळी हातात येणार २०३०पर्यंत. तयार, उडणारं विमान नुसतं विकत घ्यायचं तर आठ वर्षं. जहाज तर आपल्याकडे बांधावं लागतं.

मी नौदलातला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर प्रतिक्रियांत कुणीतरी माझी रँक विचारेल. आम्ही बार्जवाले, घर डिचोलीचं. बाबांनी १९७९मध्ये पहिली बार्ज बांधून घेतली. ज्यांनी बार्ज पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडाची लांबट, उथळ नाव, पोटात नुसती पोकळी, मागच्या टोकाला इंजिन आणि तांडेलाची केबिन. खाणीवरचं खनिज ट्रकांनी सारमानससारख्या धक्क्यावर यायचं, बार्जीत पडायचं आणि मांडवीतून मुरगावला जायचं. तिथून मोठ्या बोटीने चीन-जपान. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर समुद्र फुटायला लागला की तो रस्ता बंद. मग ज्यांना जायचंच असेल ते कुंभारजुव्याच्या खाडीतून झुआरीत उतरायचे. आम्ही मात्र त्या चार महिन्यांत बार्ज स्लिपवर, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या काठावरच्या उतारावर, चढवायचो.

बाबांची एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. दर पावसाळ्यात सर्व्हेअर हातोडी घेऊन यायचा आणि तळाच्या प्लेटी एकेक करून ठोकत जायचा. धड प्लेट खणखणते, झिजलेली बद्द वाजते. बद्द वाजली की खडूने गोल, मग जाडी मोजायची. ८ मिलिमीटरची प्लेट ५ वर आलेली दिसली की कापून नवी बसवायची. कुठली प्लेट, किती मिलिमीटर, किती किलो लोखंड लागलं, सगळं त्या वहीत. सुरुवातीच्या पानांवर वर्षाला दोन-तीन ओळी आहेत. पुढे पुढे पान पुरत नाही. २००९च्या पानाच्या कोपऱ्यात बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय, "आणखी पाच." म्हणजे आणखी पाच पावसाळे. आमच्या घरातला दीर्घकालीन आराखडा एवढाच, दोन शब्दांचा.

त्या दोन शब्दांवर विसंबून मी जानेवारी २०११मध्ये नवी बार्ज सांगितली. बोली होती दसऱ्याची. दसऱ्याला हातात आली की ऑक्टोबर ते मे असा अख्खा हंगाम मिळतो, पहिल्या वर्षाचे हप्ते सुटतात. यार्डाचं नाव घेत नाही, मालक अजून लग्नाकार्यात भेटतात. सांगाडा त्यांनी खरोखरच वेळेत उतरवला. आईने देवीचं नाव ठेवलं, हार घातला, नारळ फोडला, यार्डातल्या कामगारांना जेवण घातलं. आत जाऊन पाहिलं तर गिअरबॉक्सच्या जागी भोक. तो परदेशातून यायचा होता. आज येतो, उद्या येतो करत तो मार्चमध्ये आला. बार्ज चालती झाली मे २०१२च्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस लागेपर्यंत तिने अकरा खेपा मारल्या.

सप्टेंबर २०१२मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि गोव्यातल्या खाणी बंद झाल्या.

आमचा तांडेल त्या दिवशी धक्क्यावर विडी ओढत बसला होता. मला बघून म्हणाला, "पात्रांव, आतां कितें?" म्हणजे मालक, आता काय? त्याला काय सांगणार? पुढे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, पण नदीत बार्जी उदंड आणि खनिज थोडं, पाळी यायची तेव्हा यायची. फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ खाण-लिजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चपासून पुन्हा शुकशुकाट. २०१९मध्ये मी ती बार्ज वजनावर विकली. सात वर्षांची, प्लेटी अजून खणखणीत. गॅसकटरने तिचे तुकडे होताना बघायला मी गेलो नाही.

एवढं रामायण सांगायचं कारण असं की त्यानंतर नौदलाच्या जहाजांच्या बातम्या मी वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. लोक बातमीत टन वाचतात, क्षेपणास्त्रं वाचतात. मी तारखा वाचतो. जहाज कधी सांगितलं, कील, म्हणजे तळाचा कणा, कधी ठेवली, पाण्यात कधी उतरलं, ताफ्यात कधी आलं, आणि ज्याच्या जागी आलं ते कधी गेलं. बाबांच्या वहीची उरलेली पानं आता ह्यानेच भरलीत.

आपल्याच मुरगावच्या नावाची विनाशिका घ्या. 'आयएनएस मुरगाव', ७,४०० टन, मुंबईला माझगाव डॉकमध्ये बांधली. कील जून २०१५, पाण्यात सप्टेंबर २०१६, समुद्रावर पहिली फेरी १९ डिसेंबर २०२१, गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली तो दिवस साधून. ताफ्यात डिसेंबर २०२२. म्हणजे पाण्यात उतरल्यावरही सहा वर्षं. 'विक्रांत'चं याहून लांब: कील २००९, पाण्यात २०१३, ताफ्यात २ सप्टेंबर २०२२. जलावतरणाचा फोटो छापून येतो तेव्हा लोकांना वाटतं जहाज झालं. मला आमचं ते भोक आठवतं. पाण्यात उतरतो तो डबा. केबल, पाइप, इंजिनं, तोफा, रडार हे सगळं त्या डब्यात भरायचं असतं, आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्या कुणाच्या कारखान्यातून यायचं असतं.

पुतण्या वेल्डर आहे, ठेकेदाराकडून गोवा शिपयार्डात जातो. आत मोबाइल नेता येत नाही आणि कामाचं फारसं बोलायचं नाही हा नियम तो घरीही पाळतो, त्यामुळे मला त्याच्याकडून कळतं ते एवढंच की तळाच्या दुहेरी टाकीत उन्हाळ्यात ब्लोअर लावूनही दहा मिनिटांनी बाहेर यावं लागतं, आणि वेल्डचा एक्स-रे निघतो. एक्स-रेत बुडबुडा दिसला की ते सगळं खरवडून काढायचं आणि पुन्हा भरायचं. आमच्या बार्जीच्या वेल्डचा कुणी एक्स-रे काढला नाही. रॉकेल लावून बघायचे, पलीकडे पाझरलं नाही म्हणजे पास.

बाकीचं पेपरात येतं. जानेवारी २०१९मध्ये नौदलासाठी दोन फ्रिगेटचा, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौकांचा, करार गोवा शिपयार्डशी झाला. 'त्रिपुट' जुलै २०२४मध्ये पाण्यात उतरली, 'तवस्य' मार्च २०२५मध्ये. तवस्य म्हणजे भीमाची गदा. नावं ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. पण खरी गंमत या जहाजांच्या इंजिनांत आहे, आणि ती वाचताना मी अक्षरशः मांडीवर थाप मारली.

या चार बहिणी. दोन रशियात कालिनिनग्राडला झाल्या, 'तुशील' आणि 'तमाल'. दोन वास्कोत. रशियातल्या दोघी मुळात आपल्यासाठी नव्हत्याच, रशियाने स्वतःच्या नौदलासाठी बांधायला काढल्या होत्या. त्यांची गॅस टर्बाइन इंजिनं यायची युक्रेनमधल्या मिकोलाइव्हहून. २०१४मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, युक्रेनने इंजिनं द्यायचं बंद केलं, आणि रशियाच्या यार्डात तीन सांगाडे इंजिनाविना पडून राहिले. त्यातले दोन आपण घेतले. इंजिनं आपणच युक्रेनकडून विकत घेतली आणि रशियाला नेऊन दिली. दोन शेजारी एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि एकाचं इंजिन दुसऱ्याच्या जहाजात बसवायला मध्ये आपण. 'तुशील' डिसेंबर २०२४मध्ये ताफ्यात आली, 'तमाल' जुलै २०२५मध्ये. रशियासारख्या देशाच्या फ्रिगेटला जे झालं तेच डिचोलीच्या बार्जीला झालं होतं, हे कळल्यावर मला यार्डमालकाचा राग थोडा कमी आला. थोडाच.

आता आकड्यांबद्दल. २०१२ ते २०२७ असा नौदलाचा पंधरा वर्षांचा आराखडा होता आणि त्यात २०० जहाजांचं उद्दिष्ट सांगितलं जायचं. पुढे बातम्यांत १७५ आणि २०३५ असे आकडे दिसायला लागले. पाणबुड्यांचा तर तीस वर्षांचा आराखडा १९९९मध्ये मंजूर झाला, २४ पाणबुड्यांचा. त्यातली पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७मध्ये आली आणि त्या मालिकेतली सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५मध्ये. चोवीसातल्या सहा. तीस वर्षं संपायला चार उरलेली.

यावर संतापून लिहिणारे खूप आहेत. मला संताप येत नाही, कारण दोनशे हा आकडा मला फसवा वाटतो. आमच्याकडे २०१२मध्ये कागदावर दोन बार्जी होत्या. धंद्याला किती? हंगामात एक. दुसरी कर्जाची. जहाज मोजायचं तर चालतं जहाज मोजा. दोन बार्जी सतत धक्क्याला हव्या असतील तर तिसरी लागतेच, कारण एक कधी ना कधी स्लिपवर असते. नौदल तीन विमानवाहू मागतं त्यामागे हाच हिशोब आहे: एक पश्चिमेला, एक पूर्वेला, एक डागडुजीत. "तिसरी कशाला, शायनिंग मारायला?" असं विचारणाऱ्याने एक पावसाळा स्लिपवर काढावा.

जुनं घेऊन सजवायचा मोह आम्हालाही झाला होता. २०१०मध्ये एक सेकंडहँड बार्ज स्वस्तात मिळत होती, बाबा म्हणाले, "उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडल्यावर परत करता येत नाही." नौदलाने रशियाची जुनी विमानवाहू 'गोर्शकोव्ह' घेतली तेव्हा जहाज फुकट होतं, दुरुस्तीचे ९७ कोटी ४० लाख डॉलर ठरले होते, करार जानेवारी २००४चा. उघडल्यावर आतून जे निघालं ते निस्तरता निस्तरता ती 'विक्रमादित्य' होऊन नोव्हेंबर २०१३मध्ये आली आणि बिल २३५ कोटी डॉलरवर गेलं. पण मग 'विराट'चं काय? तिची कील इंग्लंडात १९४४मध्ये ठेवली, १९५९ला ती त्यांच्या नौदलात गेली, १९८७ला आपण जुनी म्हणून घेतली आणि २०१७पर्यंत चालवली. बाबांचा नियम तिने मोडीत काढला. असे अपवाद असतात, आणि माणूस पुढची जुनी बोट घ्यायला जातो तो या अपवादाकडे बघूनच.

वहीत मला सगळ्यात जास्त बोचणारं पान मात्र विमानवाहूंचं नाही, पाणबुड्यांचंही नाही. ते आहे माइनस्वीपरचं, म्हणजे समुद्रातले सुरुंग हुडकून काढणाऱ्या नौकांचं. या जहाजाचं पोस्टर कुणी भिंतीवर लावत नाही. ते लहान, सावकाश चालणारं, धड तोफही नाही म्हणावं असं. पण मुरगाव बंदर डोळ्यांसमोर आणा. मोठ्या बोटीला आत यायला गाळ उपसून केलेला एक अरुंद रस्ता. त्या रस्त्यावर कुणी रात्रीत चार सुरुंग टाकले, किंवा नुसती टाकल्याची आवई उठवली, तरी कोळशाची एक बोट आत येणार नाही. विमा कंपनीच येऊ देणार नाही. जहाजाच्या मानाने सुरुंगाची किंमत चणेफुटाण्यांएवढी. १८ फेब्रुवारी १९९१ला इराकच्या युद्धात अमेरिकेची 'ट्रिपोली' आणि 'प्रिन्स्टन' ही दोन जहाजं काही तासांच्या अंतराने सुरुंगांवर गेली. त्यातली 'ट्रिपोली' तर सुरुंग काढणाऱ्या हेलिकॉप्टरांचा तळ म्हणून तिथे उभी होती!

आताचा सुरुंग जहाज आपटायची वाट बघत नाही. लोखंडाचं चुंबकत्व, पंख्याचा आवाज, वरून जाणाऱ्या जहाजाने पाण्याचा बदलणारा दाब, यातलं काहीही त्याला पुरतं. म्हणून सुरुंग शोधणारं जहाज चुंबकाला न कळणाऱ्या पोलादाचं किंवा फायबरचं करतात. आत इंजिनं रबरी गाद्यांवर बसवतात. म्हणजे शिपयार्डाला सवयीचं नेहमीचं पोलाद बाजूला ठेवून सगळंच नव्याने शिकावं लागतं.

आपल्याकडे असे बारा होते. १९७८ ते १९८८ या दहा वर्षांत सोव्हिएत युनियनकडून आलेले. अशा जहाजाचं आयुष्य तीस वर्षांच्या आसपास धरतात. १९८८मध्ये शेवटचा आला त्या दिवशीच बाबांसारखी पेन्सिल घेऊन कुणीही कोपऱ्यात लिहू शकला असता, "आणखी तीस." आणि लिहिलंही असणार, कारण नवे माइनस्वीपर घ्यायची हालचाल वेळेत सुरू झाली होती. पहिली निविदा २००८च्या सुमाराला निघाली, २०१४मध्ये रद्द झाली. मग ठरलं की बारा माइनस्वीपर आपल्या गोवा शिपयार्डातच बांधायचे, दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीचं तंत्र घेऊन. खर्च ३२ हजार कोटींच्या घरात. त्या दोन-तीन वर्षांत वास्कोत भाड्याच्या खोल्यांचे दर वाढले होते, हे मी स्वतः ऐकलंय. पुतण्याने तेव्हा फायबरचं काम शिकायचा कोर्स शोधून ठेवला होता. बोलणी अटींवर अडली आणि २०१८च्या सुरुवातीला सगळंच गुंडाळलं गेलं. बाराव्या माइनस्वीपरचं, 'कोझिकोडे'चं, निशाण १३ एप्रिल २०१९ला उतरलं. माझी बार्ज वजनावर गेली तेच वर्ष.

तेव्हापासून त्या जागी कुणी नाही. साडेसात हजार किलोमीटरचा किनारा आपण वर्षानुवर्षं सांगत आलो, नव्या मोजणीत तो अकरा हजारांवर भरलाय. जुलै २०२५मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौकांच्या गरजेला मान्यता दिली. मान्यता गरजेला, जहाजाला नव्हे. पुढे निविदा, किंमत, करार, कील, पाणी, भोक बुजवणं. वही काढून कुणीही हिशोब करावा.

पुतण्याचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, "काका, उशीर झाला ते बरंच झालं. आता माणूस घेऊन सुरुंगांत शिरायची गरजच नाही. जहाज लांब उभं राहतं आणि बिनमाणसाच्या बोटी आत पाठवतात. २०१८मध्ये केले असते तर बारा जुने नमुने गळ्यात पडले असते. तुमच्या बार्जीसारखे." शेवटचं वाक्य त्याने उगाच जोडलं, पण मुद्दा खोटा नाही. माझी चूक घाईची होती: बाबांनी पाच पावसाळे सांगितले होते आणि मी पहिल्याच वर्षी धावलो. माइनस्वीपरची चूक उलटी. पण नवा नमुना येईस्तोवर मधली वर्षं कुणाच्या भरवशावर काढायची, यावर पुतण्याकडेही उत्तर नव्हतं. तो उठून चहा करायला गेला. मला विचाराल तर तिसऱ्या विमानवाहूचा हिशोब मला शंभर टक्के पटतो, तरी पैसा एकाच कामाला पुरणार असेल तर आधी बारा माइनस्वीपर. विमानवाहू बंदरातून बाहेरच पडली नाही तर तिच्यावरची राफेल काय मुरगावच्या धक्क्यावरून उडवणार?

गस्ती नौकांबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. मार्च २०२३मध्ये अकरा नव्या गस्ती नौकांचा करार झाला, त्यातल्या सात वास्कोला आणि चार कोलकात्याला. आधीच्या चार 'शरयू' वर्गाच्या नौका इथेच बांधल्या होत्या. त्यातली 'सुमित्रा' २०१५मध्ये येमेनमधून माणसं काढायला एडनला गेली होती. तिनेच जानेवारी २०२४मध्ये सोमालियाच्या किनाऱ्यापुढे चाच्यांनी धरलेल्या दोन इराणी मासेमारी बोटी लागोपाठ सोडवल्या. तिची बहीण 'सुमेधा' एप्रिल २०२३मध्ये सुदानमधून २७८ माणसांना घेऊन निघाली. ही कामं विनाशिकेनेही होतात, पण काजूची चार पोती आणायला दोन हजार टनांची बार्ज कोण काढतं? पुतण्याची वेल्डिंग कदाचित त्या सातांतल्या एखादीत असेल. विचारलं तर हसला.

संग्रहालयातून परतताना पोरीला चिखलीच्या बाजूला झुआरीच्या काठावर नेलं. तिथून क्रेन दिसतात. तिने विचारलं, "आजोबा, तुमची पण बोट होती ना? ती कुठेय?" मी म्हटलं, "एक विकली." "आणि दुसरी?"

दुसरीचं सांगायचं राहिलंच की. बाबांची १९७९ची जुनी बार्ज, जिला त्यांनी "आणखी पाच" दिले होते, ती मी २०१२च्या उन्हाळ्यात, नवी चालती झाल्या झाल्या, मिळेल त्या किमतीला एकाला दिली. त्याने इंजिन काढलं, वर पत्र्याची शेड घातली आणि ती मांडवीच्या काठाला बांधून होड्या लावायचा तरंगता धक्का केला. आज तेरा पावसाळे झाले. त्या बाजूला गेलो की मी गाडी थांबवतो, फळीवरून उतरतो आणि तिच्या कडेला बोटाच्या पेराने ठोकत जातो. उजव्या अंगाला, मागच्या तिसऱ्या प्लेटीपाशी आवाज बद्द येतो. बाकी अजून खणखणते.